लांबची भांडणं, मनसरचा दगड

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं आणि कामठी-कन्हान मागे टाकलं, की तासाभरात मनसर येतं. रामटेकला जाणारे इथे उजवीकडे वळतात. वाकाटकांच्या काळातले अवशेष बघायला येणारे इथेच उतरतात. ज्यांना दोन्हींपैकी काहीच नको असतं, ते चहाला थांबतात. मी त्या तिसऱ्या जातीचा. टपरीवाल्याने उधारीच्या वहीची पानं उडू नयेत म्हणून तिच्यावर एक काळा दगड ठेवला होता. सहज उचलायला गेलो, तर मनगट खाली आलं.

"भाऊ, हा एवढा जड कावून?"

"मॅगनीज हाय ना तो! साधा गोटा थोडी हाय," तो म्हणाला आणि दूध उतू जातंय का ते बघायला वळला.

बोटांना काळं लागलं होतं. थोडं पलीकडे झाडोरा उगवलेला एक लांबट डोंगर दिसत होता. खरं तर तो डोंगर नाहीच. खदानीतून पिढ्यानपिढ्या निघालेल्या टाकाऊ दगडमातीचा ढीग आहे तो, खदानीच्या भाषेत 'डंप'. बाकड्यावरच्या एका पोराच्या मोबाइलवर बातम्या चालू होत्या: ग्रीनलंड कोणाचं, तिथल्या बर्फाखालची खनिजं कोणाची, आणि अमेरिकेला ती आत्ताच का हवीत. उत्तर ध्रुवाजवळच्या त्या बेटाबद्दल तज्ज्ञ तावातावाने बोलत होते. पोराने कंटाळून क्रिकेट लावलं.

पोराचं बरोबरच होतं. ती बातमी मनसरला जुनी आहे. दोन बलाढ्य देशांचं कुठेतरी लांब वाजतं, जहाजं अडतात, कारखानदार घाबरतात आणि भलत्याच मुलखातल्या दगडाला भाव येतो; हे नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्याने १९०५ पासून अनुभवलेलं आहे. पुढची पायरीही त्याने अनुभवली आहे: भांडण मिटतं, भाव पडतो आणि हजारो माणसं गावी परततात. ग्रीनलंडच्या लोकांना कोणाकडून काही शिकायचंच असेल, तर त्यांनी तुमसर-रामटेककडे यावं.

चिमूटभर, पण टळत नाही

मँगनीजचा दागिना होत नाही, भांडं होत नाही. ते जातं पोलादात. एक टन पोलादाला ते साधारण दहा किलोच्या आतच लागतं, पण त्याच्यावाचून चालत नाही. वितळलेल्या लोखंडातला गंधक आणि प्राणवायू ते बांधून घेतं. तसं झालं नाही तर लाटताना पोलाद तडकतं. हेन्री बेसेमरने १८५६ मध्ये झटपट पोलाद करण्याची रीत जाहीर केली खरी, पण तिचं पोलाद ठिसूळ निघायचं. रॉबर्ट मुशेटने त्यात मँगनीजयुक्त लोखंड घातलं तेव्हा ती रीत खऱ्या अर्थाने चालू लागली. पुढे १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफिल्डने बारा-तेरा टक्के मँगनीज घालून असं पोलाद केलं, की जे घाव बसेल तसतसं कठीण होतं. रेल्वेरुळांचे सांधे, दगड फोडण्याच्या यंत्रांचे जबडे आणि सैनिकांची शिरस्त्राणं त्याचीच झाली.

म्हणजे रेल्वे बांधायची असो की लढाई करायची असो, मँगनीज हवंच. जगात निघणाऱ्या मँगनीजपैकी नऊ दशांशांच्या आसपास पोलादाच्याच कामी येतं. पोलादाच्या एकूण खर्चात त्याचा वाटा क्षुल्लक, त्यामुळे अडचणीच्या वेळी कारखानदार त्यासाठी मागेल तो भाव देतो. अडचण सरली की तोच कारखानदार पै-पैशाची घासाघीस करतो. आपल्या पट्ट्याचा सगळा इतिहास या एका स्वभावात आला.

हा पट्टा कसा आहे ते पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं लुईस ली फर्मर या भूशास्त्रज्ञाने. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९०९ मध्ये त्याचा भारतातल्या मँगनीजवरचा भलाथोरला ग्रंथ काढला. इथल्या मँगनीजयुक्त खडकाला त्याने नाव दिलं 'गोंडाइट', गोंडांवरून. छिंदवाड्याच्या सीतापारवरून एका खनिजाला त्याने 'सीतापाराइट' म्हटलं. पुढे ते अमेरिकेत आधीच सापडलेलं बिक्सबाइट निघालं आणि सीतापारचं नाव यादीतून गेलं. नागपूर जिल्ह्यातल्या काचुरवाहीला मिळालेलं एक सुंदर खनिज 'ब्लॅनफोर्डाइट' झालं, तर बेलडोंगरीचं 'व्रेडेनबर्गाइट'. ही दोन्ही नावं भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या साहेबांची. दगड आपला आणि नाव कोणाचं, याचाही एक छोटा इतिहास या पट्ट्यात आहे. जाता जाता, इंग्रजीतला नामवंत प्रवासलेखक पॅट्रिक ली फर्मर हा याच भूशास्त्रज्ञाचा मुलगा.

चियातुऱ्याचा संप आणि नागपूरची दिवाळी

भारतात मँगनीजची खाण पहिल्यांदा उघडली ती १८९२ मध्ये, विजयनगरमकडे. मध्य प्रांतात 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' ही इंग्रजी कंपनी १८९६ मध्ये उभी राहिली आणि शतक उलटता उलटता नागपूर जिल्ह्यात खणणं सुरू झालं. सुरुवातीला उत्साह बेताचाच होता. दगड उत्तम, पण जागा वाईट. मनसरचा दगड रेल्वेने आठशे किलोमीटरहून जास्त अंतर कापून मुंबईला न्यायचा, तिथून बोटीने युरोपला. त्याचा खरा प्रतिस्पर्धी होता काकेशस पर्वताच्या कुशीतलं चियातुरा. आज ते जॉर्जियात आहे, तेव्हा झारच्या रशियात होतं. तिथून काळ्या समुद्रावरची पोती आणि बाटुमी ही बंदरं हाकेच्या अंतरावर, आणि तिथून युरोप जवळ. जगाचं निम्मं मँगनीज त्या एका दरीतून निघायचं.

मग १९०४ मध्ये रशिया-जपान युद्ध पेटलं आणि १९०५ मध्ये रशियात क्रांतीचा भडका उडाला. काकेशसमध्ये तो जास्तच होता. चियातुऱ्याच्या खाणकामगारांत संप, मोर्चे, शस्त्रं. त्यांच्यात वावरणारा एक तरुण जॉर्जियन कार्यकर्ता पुढे स्टॅलिन या नावाने जगाला माहीत झाला. रेल्वे बंद पडल्या, बंदरात माल येईना. इंग्लंड-जर्मनीच्या पोलाद कारखान्यांना घाम फुटला आणि त्यांचे दलाल नागपूरच्या वाटेला लागले.

आकडे बघा. भारताचं मँगनीज उत्पादन १९०४ मध्ये दीड लाख टनांच्या आसपास होतं. १९०६ मध्ये ते पावणेसहा लाखांच्या जवळ पोचलं आणि १९०७ मध्ये नऊ लाखांवर गेलं. तीन वर्षांत सहापट! मँगनीज उत्पादनात भारत रशियाच्या पुढे गेला आणि त्यातला निम्म्याहून अधिक माल मध्य प्रांतातला होता. रामटेक, तुमसर, बालाघाटच्या रानात टेकड्यांमागून टेकड्या भाडेपट्ट्याने गेल्या. गोंड, छत्तीसगडी आणि आसपासचे शेतमजूर बायकापोरांसह येऊन झोपड्या घालून राहिले. बाप्यांनी दगड फोडायचा, बायांनी चांगला-वाईट निवडून पाट्या भरायच्या. कामाचा घाट होता तो असा. हे सगळं हातांनीच. यंत्र म्हणाल तर हातोडा, सब्बल आणि सुरुंगाची दारू. रेल्वेही मँगनीजच्या मागे धावली: रामटेकचा फाटा, तुमसरहून तिरोडीकडे जाणारा फाटा, बालाघाटकडची छोटी लाइन. विदर्भाच्या नकाशावरच्या या बारीक रेघांच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी काळा दगडच आहे.

रशियातलं वादळ निवळलं, अमेरिकेत १९०७ ची मंदी आली आणि भाव कोसळले. ज्या टेकड्यांवर रात्री चुली दिसायच्या त्या दोन वर्षांत पुन्हा काळोख्या झाल्या. पण आता इंग्रज, मारवाडी, कोमटी, पारशी अशा सगळ्यांना चटक लागली होती. पुढचं भांडण कधी होतं याची वाट बघायला लोक तयार होते.

फार थांबावं लागलं नाही. १९१४ च्या शरदात तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने महायुद्धात उतरलं, डार्डनेल्सची सामुद्रधुनी बंद झाली आणि चियातुऱ्याचा दगड काळ्या समुद्रात कोंडला गेला. मात्र या खेपेस फायदा सरळ नव्हता. युद्धाआधी आपला बराच माल बेल्जियम-जर्मनीकडे जायचा. जर्मनी एका दिवसात शत्रू झाला, बेल्जियम जर्मन सैन्याच्या ताब्यात गेला, आणि बोटी सैन्य वाहण्यात गुंतल्या. भाव चढा, पण माल मुंबईच्या धक्क्यावर पडून, असं चमत्कारिक दृश्य झालं. परक्याच्या भांडणाने दगडाला किंमत मिळते, हे नागपूरकर १९०५ मध्ये शिकले होते. भांडणाने रस्ताही तुटतो, हे ते १९१४ मध्ये शिकले.

एका मृत्युपत्रातले पस्तीस लाख

अमरावती रोडवरून जाताना डाव्या-उजव्या हाताला विद्यापीठाच्या इमारती लागतात. त्यांतली एक संस्था नागपुरात कोणाला सांगावी लागत नाही: एलआयटी. लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आता स्वतंत्र विद्यापीठ. रंग, तेलं, साखर, खतं, पेट्रोलियम अशा देशभरच्या रसायन कारखान्यांत इथली मुलं गेली. नावातला लक्ष्मीनारायण हा देव आहे, असं बाहेरच्यांना वाटतं. ते आहेत रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण, कामठीचे खाणमालक. त्यांचा पैसा मँगनीजचा.

१९३० मध्ये ते वारले. मृत्युपत्रात त्यांनी नागपूर विद्यापीठाला पस्तीस लाखांहून जास्त रुपये ठेवले होते, उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवण्यासाठी. त्या वेळचे पस्तीस लाख! त्यांतून १९४२ मध्ये ही संस्था उभी राहिली.

या पैशाची वंशावळ लावली तर गंमत वाटते. काकेशसमध्ये कामगार संपावर गेले, डार्डनेल्समध्ये पाणसुरुंग पेरले गेले, शेफील्ड-एसेनच्या मालकांची झोप उडाली, मनसर-तुमसरच्या रानात बायांनी पाट्या वाहिल्या, आणि या सगळ्याच्या शेवटी नागपूरची मुलं रसायन अभियांत्रिकी शिकू लागली. या साखळीतली पहिली कडी आपल्या हातात कधीच नव्हती. शेवटची मात्र होती, आणि एका माणसाने ती घट्ट धरली.

बंदर झालं, मालच नव्हता

पहिल्या महायुद्धानंतरची काही वर्षं बरी गेली. रशियात यादवी, उपासमार आणि नवी राजवट. एका अमेरिकन कोट्यधीशाने, ॲव्हरेल हॅरिमनने, १९२५ मध्ये सोव्हिएत सरकारकडून चियातुऱ्याच्या खाणी कराराने घेतल्या. तीन वर्षांत हात पोळून त्याने त्या सोडल्या. तोवर आपल्याकडे १९२७ मध्ये देशाचं उत्पादन अकरा लाख टनांवर गेलं होतं.

मग दोन तडाखे एकदम बसले. १९२९ ची जागतिक मंदी आली, आणि पंचवार्षिक योजनेसाठी परकीय चलन हव्या असलेल्या सोव्हिएत सरकारने मिळेल त्या भावात मँगनीज विकायला काढलं. त्यांना खाणीचा नफा-तोटा बघायचाच नव्हता. यंत्रं विकत घ्यायची होती. तुमसरच्या व्यापाऱ्याने त्याच्याशी स्पर्धा करायची कशी? १९३२ मध्ये भारताचं उत्पादन दोन लाख टनांच्या आसपास येऊन ठेपलं. पाच वर्षांत पाचवा हिस्सा. एकामागून एक खदानी बंद झाल्या.

नेमक्या याच काळात, मध्य प्रांताचा माल लवकर समुद्राला लागावा म्हणून पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणला नवं बंदर बांधून होत होतं. रायपूर-विजयनगरम रेल्वेने मुंबईपेक्षा जवळची वाट मिळणार होती. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी सिंदिया कंपनीची 'जलदुर्गा' ही बोट तिथे लागली आणि डिसेंबरात व्हाइसरॉय विलिंग्डनने उद्घाटन केलं. ज्या दगडासाठी मुख्यतः हे बंदर बांधलं, तो तेव्हा खदानीतच पडून होता. पण बंदर वाया गेलं नाही. विशाखापट्टण मोठं झालं, पुढे तिथे जहाजं बांधली गेली आणि पोलाद कारखाना आला. आपल्या दगडाने एक शहर वाढवलं. फक्त ते शहर आपल्याकडे नव्हतं.

गहू, शीतयुद्ध आणि काळं सोनं

दुसऱ्या महायुद्धात युक्रेनमधल्या निकोपोलच्या मँगनीजसाठी हिटलर किती हट्टाला पेटला होता, हे युद्धाच्या इतिहासात नोंदलेलं आहे. सेनापती माघार घ्या म्हणत असताना तो तो मुलूख सोडायला तयार नव्हता. फेब्रुवारी १९४४ मध्ये लाल सैन्याने तो परत घेतला. पण मनसर-तुमसरचा सर्वांत मोठा काळ आला तो लढाई संपल्यावर, तोफा न वाजलेल्या युद्धात.

युद्धानंतर अमेरिकेचं मँगनीज मोठ्या प्रमाणावर सोव्हिएत युनियनमधून यायचं. १९४८ मध्ये अमेरिकेने सोव्हिएत युनियनला यंत्रसामग्री विकण्यावर निर्बंध आणले आणि बर्लिनची नाकेबंदी झाली. मॉस्कोने उत्तर दिलं ते मँगनीजने. १९४८ मध्ये अमेरिकेला जाणारा सोव्हिएत माल साधारण चार लाख टनांचा होता. १९५० पर्यंत तो एक लाखाच्याही खाली आला. पिट्सबर्गच्या भट्ट्यांना पुन्हा नागपूर आठवलं. सामरिक खनिजांचे साठे करण्याचा कायदा अमेरिकेने १९४६ मध्येच केला होता. त्यात कोरियाचं युद्ध आलं आणि अमेरिकेला मँगनीज पुरवणाऱ्या देशांत भारत पहिला झाला. १९५३ मध्ये देशाचं उत्पादन एकोणीस लाख टनांच्या घरात गेलं.

त्याच वर्षांत दिल्लीला गव्हाची चणचण होती. डिसेंबर १९५० मध्ये भारताने अमेरिकेकडे वीस लाख टन धान्य मागितलं. वॉशिंग्टनमध्ये सहा महिने वाद रंगला: कोरियाच्या प्रश्नावर आपल्या बाजूने न बोलणाऱ्या देशाला फुकट गहू का द्यायचा? राजकीय अटी मान्य नाहीत, असं नेहरूंनी जाहीर सांगितलं. अखेर जून १९५१ मध्ये एकोणीस कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं. त्याच्या कायद्यात परतफेडीची एक वाट अशी होती, की अमेरिकेला ज्या मालाची टंचाई आहे तो भारताने द्यावा. मँगनीजचं नाव त्या चर्चेत वारंवार येत होतं. दरम्यान सोव्हिएत युनियन आणि चीन यांचंही धान्य भारतात येऊन पोचलं होतं. रेशनच्या दुकानातल्या गव्हाचा आणि मनसरच्या दगडाचा संबंध रांगेतल्या कोणाच्या मनात आला नसेल, पण तो होता.

तुमसरचा हा सोन्याचा काळ. तिथल्या पेढ्यांनी नुसता दगड विकण्यापलीकडे बघितलं ते याच वेळी. तुमसरच्या श्रीराम दुर्गाप्रसाद घराण्याने १९५५ मध्ये फेरो ॲलॉईज कॉर्पोरेशन काढलं. दगड भट्टीत घालून फेरोमँगनीज करायचं म्हणजे भाव आपल्या हातात राहील, हे गणित अचूक होतं. भट्टी मात्र लागली विजयनगरमजवळ गरीविडीला. नोंदणीकृत कार्यालय तुमसरच्या श्रीराम भवनात राहिलं. पाटी तुमसरला, धूर आणि रोजगार बंदराजवळ.

शीतयुद्धाची खरी किंमत पुढे कळली. घाबरलेलं गिऱ्हाईक भाव देतं, पण ते घाबरलेलं राहत नाही. दुसरं दुकान शोधतं. एका अमेरिकन पोलाद कंपनीच्या भागीदारीने ब्राझीलच्या ॲमेझॉन जंगलात, आमापा प्रांतात, खाण उघडली. १९५७ मध्ये तिथला माल बाहेर पडू लागला. आफ्रिकेतल्या गॅबनमध्ये युनायटेड स्टेट्स स्टीलच्या भागीदारीने १९६२ मध्ये दुसरी खाण सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेच्या कालाहारीतले प्रचंड साठे होतेच. अमेरिकेला आता मॉस्कोचीही गरज नव्हती आणि मनसरचीही. मध्य प्रांताच्या निर्यातीचा सुवर्णकाळ जेमतेम दहा वर्षांचा ठरला.

रशियाने दुसऱ्यांदा वाचवलं

या वेळी मात्र टेकड्या काळोख्या झाल्या नाहीत. कारण गिऱ्हाईक घरातच तयार होत होतं, आणि तेही रशियाच्याच कृपेने. फेब्रुवारी १९५५ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत युनियनशी झाला. चार वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिली झोतभट्टी पेटवली. हावडा लाइनवर तुमसर रोडहून पूर्वेला निघालेली मालगाडी आता बंदरापर्यंत जाण्याऐवजी भिलाईलाच रिकामी होऊ लागली. १९०५ मध्ये रशियातल्या बंडाळीने ज्या खदानी वर आल्या, १९३० च्या सुमारास रशियाच्या स्वस्त मालाने ज्या बुडाल्या आणि १९४८ मध्ये रशियाच्या नकाराने ज्या पुन्हा वर आल्या, त्यांना कायमचा आधार दिला तो रशियन अभियंत्यांनी उभारलेल्या कारखान्याने.

दोन वेगवेगळ्या राज्यांत गेलेल्या या पट्ट्याची व्यवस्थाही तेव्हाच बदलली. नागपूर-भंडारा महाराष्ट्रात, बालाघाट मध्य प्रदेशात. पण दगडाचा थर सीमा मानत नाही. जून १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे मॉइल, स्थापन झाली. जुन्या इंग्रजी कंपनीकडे ४९ टक्के आणि उरलेले ५१ टक्के केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात सारखे वाटलेले. १९७७ मध्ये इंग्रजी कंपनीचा उरलेला वाटाही सरकारने घेतला. काटोल रोडवरचं 'मॉइल भवन' हे तिचं मुख्यालय. डिसेंबर २०१० मध्ये तिचे शेअर बाजारात आले.

मॉइलच्या दहा खाणींपैकी मनसर, कांद्री, बेलडोंगरी आणि गुमगाव नागपूर जिल्ह्यात, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग भंडाऱ्यात, बाकीच्या बालाघाटात. बालाघाटची भरवेलीची खाण ही आशियातली सर्वांत खोल मँगनीज खाण असल्याचं कंपनी सांगते. जमिनीखालच्या खाणीत एक थर काढून झाला की पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरतात, मग त्या भरावावर उभं राहून वरचा थर काढतात. म्हणजे मँगनीजसाठी नदीही लागते. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे. तिथला मँगनीज डायऑक्साइड टॉर्चच्या सेलमध्ये जातो, आणि त्यापासून विजेच्या साहाय्याने शुद्ध डायऑक्साइड करण्याचा कारखानाही तिथेच आहे.

२०२४-२५ मध्ये मॉइलने १८ लाख टनांचा टप्पा ओलांडला. स्थापनेपासूनचं सर्वाधिक. १९५३ मध्ये साऱ्या देशाने जेवढं काढलं, जवळजवळ तेवढं आता ही एकटी कंपनी काढते. आणि तरीही ते पुरत नाही.

उलटी गाडी

भारत आज जगातला दुसऱ्या क्रमांकाचा पोलाद उत्पादक आहे. त्याला लागणाऱ्या मँगनीजपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं: दक्षिण आफ्रिका, गॅबन, ऑस्ट्रेलिया. अमेरिकेने आपल्याला पर्याय म्हणून उघडलेल्या गॅबनच्या खाणीतून आता आपणच घेतो. हा माल उतरतो विशेषतः विशाखापट्टणला. आपला दगड बाहेर पाठवण्यासाठी बांधलेल्या बंदरात आता परक्याचा दगड येतो आणि रायपूर, दुर्गापूर, विजयनगरमच्या भट्ट्यांकडे जातो. गाडी तीच, दिशा उलटी.

त्यामुळे लांबच्या भांडणांचा परिणामही आता दुहेरी होतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि निकोपोल पुन्हा आघाडीवर आलं. नदीपलीकडे झापोरिझ्झियाचं अणुवीज केंद्र रशियन सैन्याच्या ताब्यात, अलीकडे मँगनीजच्या खाणी आणि भट्ट्या. २०२३ च्या अखेरीस तिथल्या खाणी थांबल्या. युद्धाच्या पहिल्या महिन्यांत पोलाद आणि मिश्रधातूंचे भाव जगभर उसळले. देशातला भाव आवरण्यासाठी केंद्राने मे २०२२ मध्ये पोलादाच्या निर्यातीवर १५ टक्के शुल्क लावलं, नोव्हेंबरात काढून घेतलं. सहा महिन्यांत सगळी साखळी एकदा वर, एकदा खाली. कधी भांडणही लागत नाही, वादळ पुरतं. मार्च २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रूट आयलंडवर 'मेगन' चक्रीवादळाने मँगनीजचा धक्का मोडला आणि भाव पुन्हा भडकले.

उत्तरेकडे काय चाललं आहे तेही बघण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय संघाने फेरोमँगनीज, सिलिकोमँगनीज यांसारख्या मिश्रधातूंच्या आयातीवर तीन वर्षांसाठी मर्यादा घातल्या. त्यातून भारत सुटला नाही, आणि घरच्यासारखे मानले जाणारे नॉर्वे आणि आइसलँडही सुटले नाहीत. नॉर्वेच्या खाडीकाठी जलविजेवर चालणारी भट्टी आणि रायपूरची कोळशाच्या विजेवरची भट्टी यांना प्रथमच एकच काळजी लागली. चियातुऱ्यात तर २०२४ च्या अखेरीस भूमिगत खाणी बंद पडल्या. कामगारांना दरीतून वर नेण्यासाठी १९५० च्या दशकात बांधलेल्या रज्जुमार्गांचं ते गाव. तिथले खाणकामगार पगारासाठी रस्त्यावर बसले. ज्यांच्या संपामुळे नागपूरला दिवस आले, त्यांच्यावर आज तीच पाळी आहे.

सरकारी कागदावरही एक विसंगती आहे. विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांत अतिशुद्ध मँगनीज लागतं आणि ते शुद्ध करण्याचं काम जवळजवळ सगळं चीनच्या हातात आहे. म्हणून अमेरिका आणि युरोप मँगनीजला अत्यावश्यक खनिज मानतात. भारताने २०२३ मध्ये अशा तीस खनिजांची यादी केली, तीत मँगनीज नाही. आपल्याकडे आहे, म्हणून चिंता नाही, असा त्याचा अर्थ लावता येईल. पण दगड असणं आणि बॅटरीला लागणारं चूर्ण असणं यांत एक कारखाना, एक प्रयोगशाळा आणि बरीच वर्षं असतात. १९५० च्या दशकात दगड आणि फेरोमँगनीज यांच्यातलं अंतर तुमसरच्या पेढ्यांनी ओळखलं होतं. आजचं अंतर ओळखायला लागणारं सगळं नागपुरात आहे: खाणींची कंपनी काटोल रोडला, देशभरच्या खाणींचा हिशोब ठेवणारं भारतीय खाण ब्युरो सिव्हिल लाइन्समध्ये, रसायन अभियांत्रिकी अमरावती रोडला. तीन ठिकाणं, एका रिक्षाच्या भाड्यात.

वाटा

मनसरहून परत येताना मी कांद्रीला थांबलो. मँगनीजच्या या गावांत घरांच्या ओट्याला, शेताच्या बांधाला अजून काळे दगड लावलेले दिसतात. कोणी त्यांना किमतीचं मानत नाही. शाळेतून परतणाऱ्या पोरी त्यांवरून उड्या मारत जातात.

लांबची भांडणं चालूच राहणार. बर्फ वितळला की उत्तरेकडे नवे समुद्रमार्ग उघडतील, नवे हक्क सांगितले जातील आणि कुठल्यातरी टेकडीला अचानक भाव येईल. तो भाव किती वर्षं टिकेल हे टेकडीखालच्या गावाच्या हातात नसतं. त्यातलं किती गावात ठेवायचं, एवढंच असतं. २०१५ पासून खाणकायद्यानेच त्याची सोय केली आहे: स्वामित्वधनाच्या सोबत, जुन्या पट्ट्यांवर त्याच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्यांवर १० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जमा व्हायची आणि खाणबाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षणावर खर्च व्हायची. म्हणजे कामठीच्या एका माणसाने मृत्युपत्रात स्वेच्छेने जे लिहिलं, ते आता दरवर्षी कायद्याने लिहिलं जातं. त्यातून हायमास्ट दिवे आणि सभामंडप उभे करायचे की दुसरी एलआयटी, हे मॉस्को, वॉशिंग्टन किंवा बीजिंगमध्ये ठरत नाही. ते ठरतं नागपूर आणि भंडाऱ्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या बैठकीत, आणि त्या बैठकीला बसायला कोणाला डार्डनेल्स ओलांडावी लागत नाही.